मलम नंतर, आधी सीट तपासा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सायकलवर लिहिताना गिअर, हेल्मेट, आहार, किती किलोमीटर कसे वाढवावेत हे सगळे येते. बसायच्या जागेवर उठणाऱ्या फोडांचा विषय मात्र सहसा कुणी काढत नाही. जागाच अशी की घरात सांगायचा संकोच, डॉक्टरांना दाखवायचा त्याहून जास्त. मग सायकलस्वार हाताशी असेल ते मलम चोपडतो, दोन दिवस थांबतो, पुन्हा त्याच सीटवर बसतो आणि त्याच जागी तोच फोड परत उठतो. तिसऱ्या खेपेला त्याचे करट झालेले असते. फोड कातडीवर उठत असला तरी त्याचे कारण बहुतेक वेळा सायकलीत, शॉर्ट्समध्ये किंवा राइड संपल्यानंतरच्या अर्ध्या तासात असते. ते शोधल्याशिवाय केलेला कोणताही उपाय पुढच्या रविवारपर्यंतच टिकतो.

दाब, घर्षण आणि ओल या तिघांच्या संगनमताने हे घडते. मिनिटाला ८५ वेळा पेडल फिरले तर तासाला ५,१०० फेरे होतात आणि प्रत्येक फेऱ्यात मांडीची आतली बाजू सीटला एकदा घासते. चार तासांच्या राइडमध्ये हा आकडा वीस हजारांच्या पुढे जातो. घामाने भिजलेली कातडी मऊ पडते आणि मऊ कातडी लवकर सोलवटते. आधी नुसती लाली आणि अंघोळीच्या वेळी चरचर जाणवते. मग केसांच्या मुळाशी बारीक लाल ठिपके येतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू अनेकांच्या अंगावर एरवी निमूट राहतो. त्याला अशा ठिकाणी आत शिरायला वाट मिळते आणि केसतूड होते. तरीही बसणे चालू राहिले, तर खाली पू साठून गळू होते.

फोड नेमका कुठे आला आहे ते आधी पाहा. हातात आरसा धरून पाहायला लाजू नका, कारण निम्मे निदान तिथेच होते. दोन्ही बाजूंना, बसायच्या हाडांच्या बरोबर खाली दुखत असेल तर प्रश्न दाबाचा आहे. सीटची रुंदी चुकली आहे, शॉर्ट्सचे पॅड चेपले आहे किंवा तुम्ही तासन्‌तास न उठता बसता आहात. दोन्ही जांघांच्या घडीत सोलवटले असेल तर सीट उंच आहे, तिचे नाक रुंद आहे किंवा कपड्याची शिवण तिथे येते आहे. पुढच्या नाजूक भागात त्रास असेल तर सीटचे नाक वर उचललेले असते किंवा हँडल फार लांब आणि खाली असते, त्यामुळे माणूस पुढे ओढला जातो. आणि फोड दरवेळी एकाच बाजूला येत असेल तर सीट दांड्यावर किंचित फिरलेली आहे का, तिच्याखालची एक पट्टी वाकली आहे का, एका बुटाचे क्लीट (बूट पेडलमध्ये अडकवणारा तळाचा तुकडा) सरकले आहे का, हे आधी बघा. हे सगळे ठीक असेल तर दोन पायांच्या लांबीत फरक असू शकतो. तो फिजिओथेरपिस्टकडून मोजून घ्यावा, अंदाजाने बुटात काही घालू नये.

सर्वात जास्त नुकसान सीटच्या चुकीच्या उंचीने होते, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहितो. सीट उंच असली की पेडल खाली जाताना पाय पुरत नाही, मग कंबर त्या बाजूला झुकते, पुढच्या अर्ध्या फेऱ्यात दुसऱ्या बाजूला. म्हणजे पूर्ण शरीराचे वजन सीटवर करवतीसारखे मागेपुढे फिरत राहते. उंचीचा अंदाज घ्यायची जुनी रीत अशी: अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, दोन्ही पायांमध्ये एक जाड पुस्तक सीटइतक्या दाबाने वर घट्ट धरा आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. या मापाला ०.८८३ ने गुणा. ८० सेंमी आले तर ७०.६ सेंमी. क्रँक (पेडल ज्याला जोडलेले असते तो दांडा) ज्या आसाभोवती फिरतो त्याच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत, सीटच्या दांड्याच्या रेषेत, इतके अंतर ठेवून सुरुवात करायची. ही सुरुवातच आहे, शेवटचे माप नव्हे. बुटाचा तळ, क्रँकची लांबी आणि अंगाचा लवचिकपणा यांनी पाच-दहा मिलिमीटर इकडेतिकडे होतात. पडताळा असा घ्यायचा: टाच पेडलवर ठेवून उलटे पेडल मारा, पेडल सर्वात खाली असताना गुडघा जेमतेम सरळ व्हावा आणि कंबर हलता कामा नये. मग चवड्याने पेडल मारताना गुडघ्यात साधारण २५ ते ३५ अंशांचा वाक राहतो. कुणाला तरी मागून येऊन तुमच्या कमरेच्या पट्ट्याकडे पाहायला सांगा. पट्टा तराजूसारखा वरखाली होत असेल तर सीट ३ मिलिमीटर खाली घ्या, दोन राइड करा, मग पुन्हा बघा. एकदम सेंटिमीटरभर बदल करू नये, त्याने गुडघे दुखायला लागतात. उंची जमली की दांड्यावर चिकटपट्टीचा एक वेढा द्या. दांडा आवळणारा क्लॅम्प सैल असेल तर दांडा हळूहळू खाली सरकतो आणि ते लक्षातही येत नाही.

सीटचा कल मोजताना बहुतेकांची एक चूक होते. ते लेव्हल (समतलपणा मोजायची पाणसळ) थेट सीटच्या मधोमध ठेवतात. सीट वरून वक्र असते, त्यामुळे आकडा खोटा येतो. सपाट जमिनीवर सायकल उभी करा, सीटवर नाकापासून शेपटापर्यंत एक ताठ फळी ठेवा आणि लेव्हल तिच्यावर ठेवा. सुरुवात समतल. पुढे दाब जाणवत असेल तर नाक एक अंशाने खाली, फार तर दोन-तीन अंश. त्याहून खाली नेले की माणूस सतत पुढे घसरतो, हातांनी स्वतःला मागे ढकलत राहतो, तळहात बधिर होतात आणि घर्षण उलट वाढते. कलाचा प्रश्न किती खरा आहे याचा पुरावा स्पर्धांच्या नियमांतही सापडतो. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघ एके काळी सीट जवळजवळ समतलच ठेवायला लावत असे. २०१६ मध्ये ही मर्यादा ९ अंशांपर्यंत सैल झाली. टाइम ट्रायलसारख्या खूप वाकून चालवायच्या प्रकारांत, विशेषतः महिला खेळाडूंना, समतल सीटचा होणारा त्रास हे त्यामागचे महत्त्वाचे कारण होते. रोजच्या सायकलला ९ अंशांची गरज पडत असेल तर ती सीट तुमच्यासाठी नाही, असे समजावे.

रुंदी घरीच मोजता येते. नालीदार पुठ्ठ्याचा तुकडा कडक स्टुलावर ठेवा, पायांखाली काहीतरी घेऊन गुडघे कमरेपेक्षा थोडे वर येऊ द्या आणि सायकलवर जितके वाकता तितके वाकून मिनिटभर बसा. उठल्यावर खडू आडवा धरून पुठ्ठ्यावर फिरवला की हाडांचे दोन खळगे स्पष्ट दिसतात. त्यांच्या मध्यांमधले अंतर मोजा. वाकून चालवणाऱ्याने त्यात २० मिलिमीटर मिळवावेत, ताठ बसणाऱ्याने ३० किंवा थोडे जास्त. खळगे ११५ मिलिमीटरवर असतील तर १३५ ते १४५ च्या सीटपासून चाचणी सुरू करायची. सीटच्या कडा खाली वळलेल्या असतात, म्हणून छापलेल्या रुंदीइतकी जागा बसायला कधीच मिळत नाही हेही लक्षात घ्यावे.

सीट टोचते म्हणून तिच्यावर जाड जेलचे कव्हर चढवणे हा सर्वात लोकप्रिय आणि सर्वात फसवा उपाय आहे. मऊ थरात हाडे खाली रुततात आणि त्यांच्यामधला थर फुगून वर येतो. तो नेमका नाजूक भागावर दाबतो, जिथे वजन पडायलाच नको. शिवाय कव्हर सीटवर सरकते, म्हणजे घर्षण वाढते. अर्ध्या तासाच्या आरामशीर फेरीला ते चालून जाईल, लांब अंतराला नाही. जुन्या सीटकडेही संशयाने पाहा. कडेवर मोजपट्टी उभी धरून बाजूने बघितले की मध्ये झोळीसारखी खोलगट झालेली सीट ओळखू येते. आतला प्लास्टिकचा साचा तडकला असेल तर वरून काहीच दिसत नाही. दोन्ही हातांनी कडा दाबून पाहिल्या की एक बाजू जास्त लवते.

आता शॉर्ट्स. पॅड असलेल्या शॉर्ट्सच्या आत अंतर्वस्त्र घालायचे नसते. नवख्यांना हे विचित्र वाटते, पण पॅडचा सगळा फायदा तो कातडीला थेट लागण्यात आहे. मध्ये सुती कापड आले की त्याच्या शिवणी घासतात आणि घाम तिथेच साठून राहतो. शॉर्ट्स घट्ट हवी. उभे असताना किंचित ओढल्यासारखी वाटली तर वाकल्यावर बरोबर बसते. सायकलवर बसल्यावर पॅडला चुणी पडत असेल तर ती शॉर्ट्स बाद. त्या चुणीच्या रेषेतच कातडी सोलवटते. साध्या कपड्यांत रोज कामावर जाणाऱ्यांचा त्रास वेगळाच. जीन्सच्या चार जाड शिवणी जिथे एकत्र येतात तो गठ्ठा बरोबर सीटवर, मधोमध येतो. पाच-सहा किलोमीटरच्या वर रोज जायचे असेल तर तिथे शिवणीऐवजी कापडाचा तुकडा बसवलेली पँट घ्यावी किंवा आत पातळ पॅडची शॉर्ट्स घालावी.

एक शॉर्ट्स एकाच राइडला. संध्याकाळी वाळत टाकलेली, न धुतलेली शॉर्ट्स सकाळी पुन्हा चढवणे म्हणजे कालचे सगळे जंतू आज घासून आत घालणे. उलटी करून सौम्य साबणाने धुवावी, कपडे मऊ करणारे द्रव टाकू नये, कारण त्याचा थर बसून पॅडची घाम शोषण्याची शक्ती जाते. वाळवताना पॅड बाहेरच्या बाजूला. वाळली असे वाटले की पॅड दोन बोटांत दाबून गालाला लावून बघा. गार लागले तर आत अजून ओल आहे.

घर्षण कमी करणारे क्रीम लावायचे ते धडधाकट कातडीवर, राइडच्या आधी. जांघेच्या दोन्ही घड्यांना आणि हाडांखालच्या जागेला मिळून दोन बोटांच्या पेरांइतके पुरे. चार तासांच्या वर बसायचे असेल तर मध्ये एकदा पुन्हा. कातडीला लागलेले बोट परत डबीत घालू नये, हवे तेवढे आधीच काढून घ्यावे. पेट्रोलियम जेलीनेही काम होते, फक्त ती पॅडमधून धुऊन निघायला वेळ लागतो. थंडावा देणारी मेंथॉलची क्रीम अनेकांना नाजूक जागी आग आग करतात. नवी डबी पहिल्यांदा लांब राइडच्या दिवशी उघडू नये.

केसांबाबत एक ठाम मत. तिथले केस वस्तऱ्याने काढू नका, वॅक्सही नको. केस कापड आणि कातडी यांच्यामध्ये पातळ गादीसारखे काम करतात. वस्तरा फिरला की सूक्ष्म जखमा होतात आणि परत उगवणारा केस वळून आत शिरतो. रिओच्या २०१६ च्या ऑलिंपिकआधी ब्रिटनच्या महिला सायकलपटूंनाही त्यांच्या वैद्यकीय चमूने हेच सांगितले होते. फारच अडचण वाटत असेल तर ट्रिमरने छोटे करा, मुळापासून नाही.

चालवताना दर दहा-पंधरा मिनिटांनी पंधरा-वीस पेडल उभ्याने मारा. दाबलेल्या जागेत रक्त परत फिरायला तेवढे पुरते. खड्डा दिसला की सीटवरून किंचित उठा. घरातल्या ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या यंत्रावर) तर हे घड्याळ लावून करावे लागते, कारण तिथे उतार नाही, सिग्नल नाही, सायकल अंगाखाली डुलत नाही आणि वारा नसल्याने घाम निथळत राहतो. बाहेर तीन तास बिनतक्रार चालवणारे ट्रेनरवर एका तासात सोलवटतात ते यामुळे. पंखा समोरून आणि जोरात हवा. पावसात मागच्या चाकाने उडवलेली बारीक वाळू पॅडमध्ये बसते आणि पॉलिश पेपरचे काम करते. त्यावर मडगार्डइतका चांगला उपाय दुसरा नाही.

राइड संपली की शॉर्ट्स आधी उतरवा. चहा, गप्पा, फोटो नंतर. ओल्या पॅडवर तासभर बसून राहिल्याने जेवढे केसतूड होतात तेवढे कदाचित चालवण्याने होत नसतील. कोमट पाणी, सौम्य साबण, टिपून कोरडे करणे आणि मग सैल सुती कपडे. घासून पुसायचे नाही. पाणी मिळणार नसेल तर अल्कोहोल नसलेले ओले वाइप्स सोबत ठेवावेत.

एवढे करूनही त्रास झाला तर उपचार पायरीनुसार करायचा. नुसती लाली असेल तर एक-दोन दिवस सायकल बंद आणि झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थर. कातडी निघाली असेल तर स्वच्छ पाण्याने धुवा. स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड ओतू नका, त्यांनी भरून येणारी कातडीही जळते. जखम स्वच्छ असेल, पू किंवा वास नसेल, तर हायड्रोकोलॉइडची (जखमेत ओलावा राखणारी चिकट) पट्टी चांगली. ती दोन-तीन दिवस राहू द्यायची, कडा सुटल्या किंवा द्रव बाहेर आला की बदलायची. जंतुसंसर्ग झालेल्या जागेवर ती लावू नये. केसांच्या मुळाशी पुळ्या आल्या असतील तर ५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइडचा वॉश बाहेरच्या कातडीवर मिनिट-दोन मिनिटे ठेवून धुऊन टाकावा. आतल्या ओलसर भागाला तो लागू देऊ नये. टॉवेलचा रंगही त्याने उडतो. दुखऱ्या गाठीला शेक द्यावा. मनगटाला सोसेल इतक्या गरम पाण्यात पंचा पिळून १० ते १५ मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा, आणि तो पंचा घरात दुसऱ्या कुणी वापरायचा नाही. गाठ दाबून फोडू नका. बाहेर दिसणारा पू थोडा असतो, दाबल्याने बाकीचा आत खोलवर पसरतो.

बधिर करणारे मलम लावून बसणे तर निव्वळ धोक्याचे. दुखणे थांबते, सोलणे थांबत नाही. शिवाय नुसती खाज, गोल कडा आणि कडेला खवले असतील तर तो फोड नसून बुरशीचा संसर्ग असू शकतो. त्यावर स्टिरॉइड मिसळलेले मलम लावले की चार दिवस बरे वाटते आणि मग तो दुप्पट पसरतो, तोही असा की डॉक्टरांनाही ओळखायला अवघड जावे.

गळू झाले असताना चालवत राहण्यात कोणताही पराक्रम नाही. १९८७ च्या स्पेनच्या शर्यतीत आयर्लंडचा शॉन केली आघाडीवर होता. शर्यत संपायला मोजके दिवस उरले असताना बसायच्या जागेवरच्या अशाच दुखण्याने त्याला उतरावे लागले आणि विजेतेपद कोलंबियाच्या लुइस एर्रेराकडे गेले. पुढच्या वर्षी तीच शर्यत केलीने जिंकली. जगातले सर्वोत्तम वैद्यकीय साहाय्य मिळणाऱ्या खेळाडूंना थांबावे लागते, तिथे शनिवार-रविवार चालवणाऱ्याने हट्ट धरू नये.

स्त्रियांसाठी दोन शब्द वेगळे. मध्ये भोक असलेली सीट सगळ्यांना मानवतेच असे नाही, भोकाची कड मऊ भागावर आली तर सूज तिथेच येते. एका बाजूला आलेली सूज राइडनंतर दोन दिवसांत उतरत नसेल तर ती सीट बदलावी. सुगंधी साबण आणि रोज वापरायचे पातळ सॅनिटरी पॅड यांनीही कातडी चिडते. रजोनिवृत्तीनंतर तिथली त्वचा पातळ आणि कोरडी होते, वर्षानुवर्षे चाललेली सीट अचानक टोचू लागते. यावर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे उपचार आहेत, सहन करत बसू नये.

डॉक्टरांकडे केव्हा जायचे? गाठ दोन दिवस शेकूनही वाढत असेल, ताप असेल, गुदद्वाराजवळ असेल किंवा त्याच जागी पुन्हा पुन्हा येत असेल तेव्हा. मधुमेह असणाऱ्यांनी दोन दिवसही थांबू नये. लालीच्या कडेवर पेनाने रेघ ओढून ठेवा. काही तासांत लाली रेघेच्या बाहेर गेली तर त्याच दिवशी दाखवा. दिसते त्यापेक्षा दुखणे कितीतरी पट जास्त असेल, कातडी काळी पडू लागली असेल, तर थेट रुग्णालय गाठा. फोर्नियर गँगरीन (जांघेच्या आसपासची कातडी झपाट्याने सडवणारा जंतुसंसर्ग) दुर्मीळ आहे, पण त्यात तासांना महत्त्व असते. पू साठलेला असेल तर छोटा छेद देऊन काढावा लागतो, तिथे नुसत्या गोळ्यांवर भागत नाही. आणि वर्षानुवर्षे चालवणाऱ्यांना मधल्या रेषेच्या बाजूला कडक, फारशी न दुखणारी गाठ कधीकधी होते, तिच्यात पू नसतो. ती शेकून जात नाही, सोनोग्राफीने तपासून घ्यावी लागते आणि बराच काळ सायकल बंद ठेवावी लागते.

परत सुरुवात कातडी पूर्ण मिटल्यावर. बोट फिरवल्यावर हुळहुळत नसेल तर पहिल्या दिवशी नेहमीच्या निम्मे अंतर, दुसरा दिवस विश्रांती. कारण सापडून ते दुरुस्त केलेले असेल तरच.

डॉक्टरांसमोर बसल्यावर आडवळणाने सांगू नका. "मूळव्याध असावी" म्हणून गोळ्या घेऊन येणारे कमी नाहीत. सायकल चालवतो, आठवड्याला इतके तास, फोड या जागी, इतक्या दिवसांपासून, याआधी इतक्या वेळा, ही मलमे लावली, मधुमेह आहे किंवा नाही, एवढे सरळ सांगा आणि जागा तपासू द्या. लावलेल्या मलमांच्या ट्यूब सोबत न्या, नावे लक्षात राहत नाहीत.

आपण सायकल सरावाची वेळापत्रके छापाल तेव्हा त्यांच्या शेजारी सीटची उंची कशी मोजावी याची चौकटही छापावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक सायकलस्वार वाचक